नवं चाक आणि बाबांचा अकीक

डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत दगड घासायचं मशीन बसवलंय. खाली रबर, वर पाण्याची बाटली, सलाइनसारखी नळी. पहिल्याच दिवशी घाई नडली. बाबांनी पैठणला गोदावरीच्या पात्रात उचललेला अकीक चाकाला लावला. ६०० ग्रिटचं बारीक चाक, तरी खोल ओरखडे! नव्या चाकावर हिऱ्याचे काही कण जरा जास्तच वर आलेले असतात. आधी टाकाऊ अकीक घासून ते सारखे करायचे, मग चांगला दगड. हे मला नंतर कळलं. आणि पाणी थांबलं की मशीन बंद! ती कोरडी धूळ फुफ्फुसांत साचली तर सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. बाबा काही बोलले नाहीत. दगड टीव्हीशेजारी ठेवलाय, ओरखडे भिंतीकडे करून. मी रोज शेजाऱ्यांची सिरियल सुरू व्हायच्या आत टाकाऊ तुकडे घासतोय.