दिवस कलला की पापणी पडते

आज आम्ही तुमच्याशी एका आजाराविषयी बोलणार आहोत. तो आजार आम्हां दोघांनाही आहे. आम्ही पाळीपाळीने बोलू. एकाचा आवाज बसला की दुसरा बोलेल. त्याचे कोणी नवल करू नये.

या आजाराचे डॉक्टरी नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. नाव जड आहे, खरे. बोलताना मायस्थेनिया एवढे म्हटले तरी चालेल. पण लिहिताना पूर्ण लिहावे लागेल. आज उठण्याआधी आम्ही ते तुमच्याकडून लिहून घेणार आहोत.

आपल्याकडे या आजाराला घरगुती नाव नाही. मग लोक आपापले नाव देतात. कोणी म्हणतो लकवा. कोणी म्हणतो बाहेरची बाधा. सासूबाई म्हणतात आळस. मालक म्हणतात सोंग. आम्ही ही चारही नावे ऐकली आहेत.

आजाराची रीत अशी. सकाळी माणूस उठतो तेव्हा बरा असतो. डोळे उघडे, हात चालतात, बोलणे स्वच्छ. दिवस वर येतो तशी एक पापणी खाली येऊ लागते. एका बैलाचे दोन बैल दिसतात. बाई वेणी घालायला हात वर करते आणि अर्ध्या वेणीत हात खाली येतात. भाकरीचे पहिले चार घास चावले जातात. पाचव्याला जबडा थांबतो. बोलता बोलता आवाज नाकात जातो. कधी पाणी गिळताना नाकातून परत येते. मग ती बाई घटकाभर पडते. उठते तर पापणी वर आणि हातात जोर!

इथेच सगळा घोटाळा होतो. पाहणारा म्हणतो, "अगं, आत्ता तर हातातून तांब्या पडत होता. आता बघा कशी तरातरा चालतेय!" लकव्याचा हात सकाळीही पडलेला असतो, संध्याकाळीही पडलेला असतो. त्यावर लोकांचा विश्वास बसतो. आमचा हात तासातासाला बदलतो. त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

भगताचेही इथेच फावते. पापणी पडलेल्या माणसाला संध्याकाळी भगताकडे नेतात. तो अंगारा लावतो आणि निजवून ठेवतो. सकाळी पापणी वर गेलेली असते. झाले! कोंबडे भगताचे, यश भगताचे. अहो, ते काम झोपेने केले. ती झोप घरीही फुकट मिळाली असती. दुपारी पापणी पुन्हा पडते, तेव्हा भगत दुसरे कोंबडे मागतो. एवढ्यात महिने जातात आणि आजार डोळ्यांतून घशात उतरतो.

आता हे होते कसे, ते सांगतो.

हात उचलायचा असे मनात आले की मेंदूचा हुकूम नसेतून निघतो आणि स्नायूपर्यंत येतो. पण नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये बारीक फट असते. नस त्या फटीत एक रस सोडते. त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. ही झाली नसेची हाक. स्नायूला ती हाक ऐकायला जणू बारीक बारीक कान असतात. कानावर हाक पडली की स्नायू आवळतो आणि हात उचलला जातो.

आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. आमच्या आजारात हे राखणदार चुकतात. राखणीचा कुत्रा चोर सोडून घरच्याच माणसाला चावतो, तसे. ते स्नायूचे कान बुजवतात, तोडून टाकतात. नस धडधाकट, स्नायू धडधाकट, पण मधली हाक पोचत नाही.

मग सकाळी का पोचते? नस एकामागून एक हाका घालते तेव्हा पहिल्या हाका मोठ्या असतात, पुढच्या लहान होत जातात. सर्वांचेच असे होते. धडधाकट माणसाला कान भरपूर असतात, त्याला लहान हाकही पुरते. आमचे कान थोडे. आम्हांला मोठी हाकच ऐकू येते. विसावा घेतला की नसेचा रस पुन्हा साठतो आणि हाक पुन्हा मोठी होते. आळशी माणूस कामाच्या आधीच बसतो. आम्ही काम करता करता बसतो. फरक एवढाच आहे, पण तो पाहणाऱ्याने पाहिला पाहिजे.

या आजारात अंग बधिर होत नाही. चिमटा काढला तर कळतो. बुद्धी शाबूत राहते. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणावर निजा, काही होत नाही. बायकांना तो बहुधा चाळिशीच्या आत होतो आणि पुरुषांना बहुधा उतारवयात. सिनेमातले अमिताभ बच्चन यांनाही १९८४ साली हाच आजार असल्याचे निघाले. त्यानंतर त्यांनी किती वर्षे कामे केली, ते तुम्ही पाहिलेच आहे.

आता सापाची गोष्ट. तुम्ही म्हणाल, मध्येच साप कुठून आला? पण त्याचे आमच्या आजाराशी नाते आहे. नाग किंवा मण्यार चावली की माणसाच्या पापण्या पडतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. हे तुम्ही गावात पाहिले असेल. ते विष नस आणि स्नायू यांच्या त्याच फटीत घाव घालते. १९६३ साली तैवानमध्ये मण्यारीच्या एका जातीच्या विषातून शास्त्रज्ञांनी एक द्रव्य वेगळे काढले. ते नेमके त्या कानांवर जाऊन बसते. मग १९७३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याच द्रव्याने आमच्यासारख्या रोग्यांच्या स्नायूंचे कान मोजले आणि ते फार कमी भरले. जे विष माणूस मारते, त्यानेच आमच्या आजाराचे बिंग फोडले.

म्हणून एक गोष्ट ध्यानात धरा. रात्री जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठला, किंवा त्याच्या दोन्ही पापण्या एकाएकी पडल्या, तर त्याला मायस्थेनिया म्हणत बसू नका. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. त्याला त्याच पावली दवाखान्यात न्या. आमचा आजार दिवसांनी, आठवड्यांनी वाढतो. सापाचे विष तासांत वाढते.

औषधही विषाच्याच वाटेने सापडले. इंग्लंडात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. बाणाला लावायचे कुरारे नावाचे एक विष आहे. ते अंगात गेलेला माणूस आणि हा रोगी सारखेच दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्या विषावरचा उतारा त्यांनी १९३४ साली एका रोगी बाईला टोचला. थोड्या वेळात तिची पडलेली पापणी वर गेली. आज आम्ही घेतो ती गोळी त्याच कुळातली आहे. तिचे नाव पायरिडोस्टिग्मीन.

ही गोळी काय करते? नसेची हाक फटीत पडली की ती लगेच झाडून टाकणारा एक झाडूवाला शरीरात असतो. गोळी त्या झाडूवाल्याला अडवून धरते. हाक जास्त वेळ टिकते. थोड्या कानांनाही ती ऐकू येते. गोळीचा गुण अर्ध्या-पाऊण तासात दिसतो आणि तीन-चार तास राहतो. एक गोष्ट मात्र पक्की. आपल्या मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत. जास्त झाल्या तर पोटात कळ येते, जुलाब होतात, तोंडाला लाळ सुटते, आणि जोर उलट आणखी कमी होतो.

ही गोळी चुकलेल्या राखणदारांना आवरत नाही. त्यासाठी दुसरी औषधे आहेत. प्रेडनिसोलोन हे एक. त्याने तोंड सुजते, भूक वाढते, साखर चढते, म्हणून लोक ते मध्येच सोडतात. असे एकदम सोडणे जिवावर येते. अझाथायोप्रिन नावाची गोळी आहे, तिचा गुण यायला महिने लागतात. आम्हांपैकी एकीने तिसऱ्या महिन्यात "पैसे पाण्यात गेले" म्हणून गोळ्या उंबऱ्याबाहेर फेकल्या होत्या. तिच्या दिराने त्या वेचून परत आणल्या. त्या दिराचे आम्हांला कौतुक वाटते.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिथे राखणदारांची तालीम होते. आमच्यांतल्या दहांत साधारण एकाला त्या ग्रंथीत गाठ निघते. ती काढावी लागते. गाठ नसतानाही काहींची ग्रंथी काढतात. २०१६ साली अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून केलेल्या चाचणीत असे दिसले, की ग्रंथी काढलेल्या रोग्यांच्या अंगात जोर जास्त राहिला आणि त्यांना प्रेडनिसोलोनसारखे औषध कमी लागले. कोणाची काढायची, हे डॉक्टर ठरवतात.

कोणी विचारेल, पुण्याला पसरला होता तो हाच आजार का? नव्हे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याला सिंहगड रस्त्याच्या बाजूला रोगी एकाएकी वाढले, त्या आजाराचे नाव गुलेन बारी. तिथेही राखणदारच उलटतात, पण ते नसांवर हल्ला करतात. बहुधा आधी जुलाब किंवा ताप होऊन जातो, मग पायांतून अशक्तपणा वर चढतो. त्यातून बहुतेक लोक पुढे बरे होतात. आमचा आजार मात्र घरात राहायलाच येतो. त्याच्याबरोबर संसार करावा लागतो.

तो संसार आम्ही कसा करतो, ते ऐका. जडकाम सकाळी. पाणी, शेण, दळण, जे काही जोराचे असेल ते न्याहारीच्या आधी-मागे उरकायचे. हंडा एकदम भरून आणण्यापेक्षा दोन कळश्या दोन खेपांत आणायच्या. मध्ये ओट्यावर टेकायचे. वेणी घालायला लेकीला बसवायचे. जेवण गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने, म्हणजे जबड्यात जोर असताना. भाकरी आमटीत नाहीतर दुधात कुस्करून खायची. जेवताना बोलायचे नाही, घास लहान घ्यायचा. दुपारी एक झोप घ्यायचीच. उन्हाच्या तडाख्याने आमचा जोर जातो, म्हणून वैशाखात दुपारचे शेत आम्हांला वर्ज्य आहे. दोन-दोन दिसू लागले की आम्ही एका डोळ्यावर फडके बांधतो. एका डोळ्याने एकच दिसते. मात्र अशा डोळ्यांनी मोटारसायकल चालवायची नाही आणि विहिरीच्या काठावर जायचे नाही.

लेकीला हा आजार निघाला की आईबाप ते लपवून लग्न उरकतात. हे आम्हांला मुळीच पसंत नाही. सासरी गोळ्यांची पुडी चोरून खायची, आणि एक दिवस चुकली की पडायचे! आधी सांगा. या आजारात लग्न होते, मुलेही होतात. बाळंतपण मात्र मोठ्या दवाखान्यात करायचे. काही बाळे जन्मतः काही आठवडे ढिली असतात, दूध नीट ओढत नाहीत. त्यांना डॉक्टरांची नजर लागते. पुढे ती बरी होतात.

या आजारात जीव जातो तो श्वास अडल्याने. ताप आला, छातीत कफ झाला, औषध चुकले, की हे संकट येते. म्हणून आम्ही रोज सकाळी एक करतो. पूर्ण श्वास घेऊन मोठ्याने आकडे म्हणतो, एक, दोन, तीन, श्वास संपेपर्यंत. रोज किती होतात ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेवतो. एखाद्या दिवशी आकडा फार खाली आला, आडवे होताच दम लागला, थुंकीही गिळता येईना, तर उद्याची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि श्वासाचे यंत्र असलेला मोठा दवाखाना गाठायचा. वेळेवर पोचले तर तिथे यंत्रावर ठेवतात, रक्तातले चुकलेले राखणदार गाळून काढतात, आणि माणूस घरी परत येतो. आम्हां दोघांतला एक असाच परत आला आहे.

आता पाट्या-पेन्सिली घ्या. दुसऱ्याला चालणारी काही औषधे आम्हांला बाधतात. तापात कोणी चटकन सुई टोचली, आणि तीच सुई श्वास अडवू शकते. अशा वेळी आम्हांला बोलता येत नाही. म्हणून खिशातला कागद बोलला पाहिजे. बाईने तो पोलक्यात किंवा बटव्यात ठेवावा. आम्ही सांगतो, तुम्ही लिहा.

"मला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार आहे. जेंटामायसिन, अमिकॅसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लोरोक्वीन, प्रोप्रॅनोलॉल, मॅग्नेशियमचे इंजेक्शन, ही औषधे मला घातक ठरू शकतात. देण्यापूर्वी माझ्या डॉक्टरांना विचारा. मी या गोळ्या या वेळेला घेतो."

खाली गोळ्यांची नावे, वेळा, डॉक्टरांचा फोन आणि घरचा फोन. तुम्हांला हा आजार नसेल तर हे लिहिणे सरावासाठी झाले. गावात ज्याची पापणी दुपारी पडते त्याला मात्र आधी जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवा, रक्त तपासून निदान होऊ द्या. कागद त्यानंतर.

'ग्रेव्हिस' मधला 'व्हि' कोणाचा अडला असेल तर फळ्यावर पाहा. पाटी झाली की इकडे आणा, आम्ही वाचून देतो. आणि आत्याबाई, तुम्ही मघापासून सुनेकडे बघताय. तिला घेऊन पुढे या. काय होतंय ते तिलाच सांगू द्या.