वरचे वारे आणि खालची व्यवस्था



१८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याची धूळ विषुववृत्तालगत पश्चिमेकडे वाहत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. त्यावरून त्या उंचीवर वारा नित्य पूर्वेकडूनच वाहतो, असा समज रूढ झाला. १९०८ मध्ये बेर्सन यांनी पूर्व आफ्रिकेत फुगे सोडले, तर वारा पश्चिमेकडून आढळला. दोन्ही निरीक्षणे खरी होती. १९६० च्या सुमारास अमेरिकेत रीड यांनी आणि ब्रिटनमध्ये व्हेरियार्ड व एबडन यांनी कोडे उलगडले : विषुववृत्तावरील स्थितांबरातला वारा सरासरी २८ महिन्यांच्या आवर्तनात दिशा पालटतो. नवी दिशा प्रथम तीसएक किलोमीटरवर प्रकटते आणि महिन्याला सुमारे एक किलोमीटर या संथ गतीने खाली उतरते.

या वाऱ्याला चालना मिळते ती खालूनच. उष्ण कटिबंधातील गडगडाटी ढगांतून उठणाऱ्या लहरी वर जाऊन आपला वेग त्याला देतात, हे लिंडझेन व होल्टन यांनी १९६८ मध्ये मांडले. उलट, वरचे वारेही खालच्या पावसाला स्पर्श करतात. वारा पूर्वेकडून असताना सुमारे १७ किलोमीटरवरची हवा अधिक थंड होते आणि उत्तर गोलार्धातील हिवाळ्यात हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकणारे ढगांचे समूह अधिक जोमदार होतात. मोसमी पावसाशी असलेले नाते मात्र एल निनोच्या तुलनेत क्षीणच आहे.

हे तारतम्य महत्त्वाचे आहे. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने मोसमी पावसाच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रतिमान सिद्ध झाले; त्यात स्थितांबरातील वाराही एक घटक होता. १९८९ ते २००१ सलग तेरा वर्षे देशातील पाऊस सरासरीच्या आसपास राहिला आणि प्रतिमानावरचा विश्वास दृढ झाला. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. पडला ८१ टक्के. त्या अंदाजावर विसंबून पेरणी करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे बियाणे मातीत गेले. पुढे ते प्रतिमान बदलण्यात आले. २०१६ मध्ये तर वाऱ्याचे आवर्तनच मध्येच खंडित झाले, आणि २०१९-२० मध्ये पुन्हा एकदा.

याचा अर्थ विज्ञान निरुपयोगी, असा नव्हे. कँटन बेट, मालदीवमधील गान आणि सिंगापूर येथून दशकानुदशके फुगे सोडले गेले, म्हणूनच हे ज्ञान हाती आले. अशा निरीक्षणातून तात्काळ नफा निघत नाही; ते सार्वजनिक पैशानेच चालले पाहिजे. अंदाजही त्याच्या अनिश्चिततेसह, शेतकऱ्याच्या भाषेत, गावापर्यंत पोचला पाहिजे.

परंतु अंदाज म्हणजे संरक्षण नव्हे. १९७२ च्या दुष्काळात माणसे तगली ती दुष्काळी कामांवर, आणि त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. पाऊस किती पडेल हे काही अंशी तीस किलोमीटरवरचा वारा ठरवील; पाऊस न पडल्यास कोणाची चूल विझेल, हे मात्र जमिनीवरची व्यवस्थाच ठरविते. तिचा जाब आभाळाला विचारता येत नाही.