वेचणीच्या वावरांतील नवी शाळा



दिवाळीच्या सुमारास अकोल्याहून अकोटकडे किंवा अमरावतीहून दर्यापुराकडे मोटारीनें जाणारास रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पांढरीं शुभ्र वावरें दिसतात, आणि त्यांत ओटी बांधून वांकलेल्या बायांच्या रांगा दिसतात. पाहणारास वाटतें, ह्या कामांत शिकण्यासारखें तें काय असणार? फुटलेल्या बोंडांतून कापूस काढावयाचा आणि ओटींत टाकावयाचा! मीं छत्तीस वर्षें शाळेंत मुलें शिकविलीं. पण ह्या कामालाही शिक्षण असतें, ही गोष्ट मला सेवानिवृत्तीनंतर कळली.

दंव वाळल्यावर वेचणीस आरंभ करावा. खालच्या बोंडांपासून वर जावें, म्हणजे वाळक्या पानांचा चुरा खालच्या कापसावर पडत नाहीं. डोकें सुती फडक्यानें बांधावें, किडकी कवडी निराळी ठेवावी, आणि वेचलेला माल खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत कदापि भरूं नये. ह्या शेवटच्या नियमाचें कारण मोठें लांबचें आहे. पोत्याचा एखादा धागा कापसांत मिसळला तर तो जिनांत बहुधा निघत नाहीं. सूतगिरणींत सुताबरोबर कांतला जातो, आणि कापड रंगविल्यावर रंग न धरणारा ठिपका म्हणून प्रगट होतो. आपल्या देशाचा कापूस व सूत बांगलादेशांत जातें, आणि तेथें शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेंतील दुकानांत टांगले जातात. म्हणजे अकोटकडची वेचणारी बाई, ढाक्याची शिवणारी बाई आणि लंडनचा खरेदीदार हीं एकाच कामांतील सोबती होत. एवढेंच कीं त्यांनीं एकमेकांचें तोंड कधीं पाहिलेलें नाहीं, आणि चूक झाली कीं ती पहिलीच्या माथीं बसते.

अशा दूरदूरच्या सोबत्यांस एका रीतीनें शिकविण्याचा खटाटोप आजचा नव्हे. १८४० सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें अमेरिकेंतून दहा कापूसमळेवाले आपल्याकडे आणले. इकडच्या रयतेस अमेरिकन पद्धति शिकवावी हा हेतु. धारवाडचा अपवाद सोडला तर प्रयोग फसला. बियाणें आणि यंत्र तिकडचें, जमीन, पाऊस आणि माणूस मात्र इकडचा! मला त्यांत माझ्या धंद्याचाच दोष दिसतो. आम्हां मास्तर लोकांना सांगण्याची घाई फार. त्याहून शहाणा प्रयोग १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें केला. पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवीं मंडळें स्थापून भाषण ऐकावें, त्यावर चर्चा करावी आणि शंका केंद्राकडे पाठवाव्या, अशी योजना होती. कल्पना मूळ कॅनडाची. पण तींत बोलण्याचा हक्क ऐकणारासही होता.

आतां मास्तराची खुर्ची यंत्राकडे चालली आहे. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेनें असें साधन केलें कीं, कामगंध सापळ्यांत सांपडलेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांचें मोबाईलनें छायाचित्र घ्यावें. यंत्र ते पतंग मोजतें आणि फवारणी करावी कीं थांबावें हें सांगतें. २०१९ सालीं ह्या कामास अमेरिकेंतील गूगल कंपनीकडून वीस लक्ष डॉलरांचें साह्य मिळालें. २०१७ सालीं यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें दगावलीं, हें ज्यांच्या स्मरणांत आहे त्यांस टळलेल्या एका फवारणीची किंमत सांगावयास नको. २०२५ सालीं राज्याच्या कृषिखात्यानें ‘महाविस्तार’ नांवाचें ॲप काढलें. त्यास मराठींत विचारावें, मराठींत उत्तर मिळावें. हें सर्व स्तुत्यच आहे. पण शेतकरी म्हणजे ज्याच्या नांवें सातबारा तो. शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो. जिच्या नांवें हातभर जमीन नाहीं, ती वेचणारी बाई ह्या शाळेच्या पटावर येतच नाहीं.

गेल्या कार्तिकांत माझ्या चार एकरांत वेचणी चालली होती. दुपारच्या भाकरीच्या वेळीं नातवाच्या मोबाईलवरील एक बोलतें ॲप मीं बायांपुढें ठेवलें आणि म्हणालों, विचारा काय विचारावयाचें तें. एक प्रौढ बाई शेजारणीशीं बोलावें तशी त्याला म्हणाली, “कवडी वायली ठेवाव का चांगल्यातच टाकाव?” यंत्रानें मोठ्या अदबीनें समुद्रांतील कवड्यांची माहिती सांगण्यास प्रारंभ केला! बाया हंसून हंसून लोटपोट झाल्या. मग मीं ग्रांथिक मराठींत, ‘किडलेला व निकृष्ट कापूस’ वगैरे शब्द योजून तोच प्रश्न केला, तेव्हां उत्तर अगदीं नेमकें आलें. वर सांगितलेले बहुतेक नियम मीं त्याच दिवशीं त्याच्याकडून शिकलों. बाई मात्र म्हणाली, “गुरुजी, हे तं आमाले कवाचंच ठाव हाये.”

“ठाऊक आहे, मग करीत कां नाहीं?” मीं वर्गांतल्या आवाजांत विचारलें.

“किलोनं वेचतो ना जी. कवडी निवडत बसलं तं घरी काय नेऊ?”

हिशेब पहा. किलोमागें दहा रुपये. एरव्हीं चाळीस किलो वेचणारी बाई सगळे नियम पाळूं लागली तर तीस वेचील, म्हणजे चारशेंचे तीनशें होतील. यंत्राचा धडा जितका चांगला, तितकी तिची मजुरी कमी! आणि हा दर ठरविणारा गृहस्थ दुसरा कोणी नसून मीच होतों. माझ्या पोरांना मीं गणित शिकविलें, पण हें उदाहरण कधीं घातलें नव्हतें. दुसऱ्या एकीनें हंसत हंसत यंत्रास विचारलें, “पैसे वाढतीन काय?” त्यानें सांगितलें कीं, ह्याविषयीं मालकाशीं बोलावें. ह्या खेपेस त्यास बोली बरोबर समजली होती.

मीं तीन दिवस किलोचा हिशेब बंद ठेवला आणि रोजाचे चारशें रुपये दिले. घरांतल्या जुन्या सुती चादरी वावरांत नेल्या (त्याबद्दल घरीं काय ऐकावें लागलें, तें रेडिओवर सांगण्यासारखें नाहीं). कापूस खरोखरच निर्मळ निघाला. वेचणीचा खर्च तिसऱ्या हिश्श्यानें चढला. बाजारांत व्यापाऱ्यानें मूठभर कापूस दाबून पाहिला, “माल झकास आहे, गुरुजी,” म्हणाला, आणि भाव इतरांना दिला तोच देऊन तो कापूस त्याच ढिगांत ओतविला. केंद्र सरकारनें २०२० सालीं भारतीय कापसास ‘कस्तुरी’ ही नाममुद्रा दिली आणि त्या नांवाच्या गांठींचा माग ठेवण्याची योजना केली. पण माग गांठीचा लागतो, हाताचा लागत नाहीं. अमरावतीजवळ नांदगांव पेठेस मोठ्या वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजीं झाली. तेथें शिलाईच्या यंत्रावर बसणाऱ्या मुलींना पडद्यावरून धडे देणाऱ्यांनीं, त्यांची मजुरी नगावर आहे कीं रोजावर, एवढें आधीं विचारून घ्यावें.

परवां तीच प्रौढ बाई दारावरून जातां जातां थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, औंदा रोजानं का किलोनं?”

मीं म्हटलें, दसऱ्यापर्यंत सांगतों. दसऱ्यास आतां अकरा दिवस राहिले आहेत.