घरच्या संगणकासाठी 'स्थिर' म्हणजे काय?

घरातला संगणक सात-आठ वर्षं कुरकुर न करता चालतो आणि एके दिवशी पडद्यावर सूचना येते की तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चं असं झालं. नोंदणी करणाऱ्यांना त्यानंतरही काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ केल्या होत्या, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ फुकट मिळत होती, मात्र तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक धडधाकट संगणक बाद. मग नवा घ्यायचा का?

त्याआधी 'स्थिर' या शब्दाकडे पाहू. आपण त्याचा अर्थ घेतो, मध्येच बंद न पडणारी. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात एखादा प्रोग्रॅम बिघडला की अख्खा संगणक गोठायचा. २००१ साली एक्सपी आली आणि घरगुती विंडोजचा पायाच बदलला. आता एक प्रोग्रॅम कोसळला तरी बाकीचे बहुधा तगतात. आजही निळा पडदा वारंवार दिसत असेल, तर सिस्टीम बदलण्याआधी मेमरी, हार्ड डिस्क आणि पंख्यात साचलेली धूळ तपासून घ्या. रॅम सदोष असेल तर कुठलीही सिस्टीम रडणारच!

दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्थिर म्हणजे उगाच न बदलणारी. लिनक्स घराण्यातल्या डेबियनच्या मुख्य आवृत्तीचं नावच 'स्टेबल' आहे. ती जाहीर झाली की तिच्यातले प्रोग्रॅम जवळपास गोठवले जातात, नंतर येतात त्या फक्त दुरुस्त्या. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. गंमत म्हणजे डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं असतात आणि सतत बदलत राहणाऱ्या शाखेचं नाव आहे सिड, म्हणजे खेळणी मोडणारा तो द्वाड मुलगा.

घरासाठी मात्र मी डेबियनपेक्षा लिनक्स मिंट सुचवीन. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मिंट तिच्यावरच उभी आहे. खाली डावीकडे मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या आजोबांनाही परकं वाटत नाही. चार जीबी रॅमवर भागतं. पैसे पडत नाहीत. युनिकोडमधलं मराठी उत्तम दिसतं, इनस्क्रिप्टचा कळफलकही मिळतो.

पण सगळ्यांनीच उडी मारू नये. घरी टॅलीवर हिशेब लिहिले जात असतील, डिजिटल सहीचं काम असेल, किंवा जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधल्या फायलींवर पोट चालत असेल, तर विंडोजच बरी. तिथे नव्या यंत्राचा खर्च रास्त आहे. आणि दुरुस्त्या बंद झालेल्या संगणकावर गाणी ऐका, पत्रं टाइप करा, पण बँकेचे व्यवहार नकोत. भोक कळलेलं असतं आणि बुजवणारा कुणी नसतो.

बदल करायचाच असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. मग आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून घ्या आणि संगणक तिच्यावरून सुरू करा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. थोडं हळू चालेल, ते मनावर घेऊ नका. वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का, आणि मुख्य म्हणजे तुमचा प्रिंटर कागद बाहेर काढतो का, हे दोन-तीन दिवस पाहा. प्रिंटर अडला तर पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा. जुनी विंडोज जागेवरच असेल.