कर्करुग्ण, त्याचे घर आणि आशा
(जागतिक कर्करोग दिनानिमित्त रुग्ण व नातेवाईक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



4 फेब्रुवारी या दिवशी प्रतिबंधाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या सभागृहातील बहुतेकांच्या घरी रोगाने याआधीच पाऊल टाकले आहे. त्यांना तंबाखूचे दुष्परिणाम ऐकवून काय साधणार? म्हणून मी उपचार चालू असतानाच्या दिवसांविषयी बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, प्रसिद्धी खात्यातला माणूस आहे. तेव्हा आरंभ शब्दांपासूनच करतो.

कर्करोगाशी 'झुंज', रोगावर 'मात', हे आमच्या व्यवसायातले आवडते शब्द. मथळ्यात ते शोभून दिसतात. पण औषधाच्या पाचव्या फेरीनंतर पाण्याचा घोटही न ठरणाऱ्या माणसाला त्यांतून एवढेच ऐकू येते की, आपण कमी पडतो आहोत. समाचाराला येणारी माणसे त्यात भर घालतात : 'मन खंबीर ठेवा, म्हणजे बरे व्हाल.' बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण विधानाला आधार नाही. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रुग्णाची मनःस्थिती आणि त्याचे आयुर्मान यांचा संबंध त्यात आढळला नाही. ही वार्ता मला निराशाजनक वाटत नाही, उलट दिलासा देणारी वाटते. रुग्णाला रडण्याची मुभा आहे. एखादा दिवस तो भिंतीकडे तोंड करून निजला, तर त्यामुळे रोग बळावत नाही.

मग घरच्यांच्या आधाराला अर्थ काय? अर्थ फार मोठा आहे. 2013 साली अमेरिकेतीलच सात लाखांहून अधिक कर्करुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. विवाहित रुग्णांत कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे 20 टक्के कमी दिसले. त्यांचे निदान लवकर झाले होते आणि योग्य उपचारही त्यांना अधिक प्रमाणात मिळाले होते. हा विवाहसंस्थेचा गौरव आहे असे मी समजत नाही. बहीण, मुलगा, शेजारीण, कोणीही असो, 'चल, उद्या तारीख आहे' असे म्हणणारे माणूस घरात हवे, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो.

ही तारीख पाळणे गोव्यातील कुटुंबांना कधीच सोपे नव्हते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले, आणि 'टाटाला नेले' हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत रुळला. ज्या रस्त्यावर ते रुग्णालय उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. हे शल्यविशारद आपल्या गोव्याचेच, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आज बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातही उपचार होतात, तरी मुंबईची फेरी अनेकांना चुकत नाही. अशांनी रुग्णालयाचा विहित दाखला घेऊन रेल्वेची सवलत अवश्य घ्यावी. शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णाला पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला 75 टक्के सूट मिळते.

आता घरातील गोष्टी. रासायनिक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. म्हणून रोगाबरोबर केसांची मुळे, तोंडातील नाजूक त्वचा आणि रक्त निर्माण करणारी मज्जाही होरपळते. केस पुन्हा येतात. तोंड आले असता तिखट आमटी बाजूला ठेवून मऊ पेज, वरण-भात द्यावा. मात्र ताप ही क्षुल्लक बाब समजू नये. औषध दिल्यानंतर एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी घटतात. त्या काळात ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. काढा आणि कपाळावरची पट्टी यांत गेलेली रात्र महागात पडू शकते. तापमापक घरात हवाच, आणि अंधारात हाताशी लागेल अशा जागी हवा.

आणखी एक नाजूक विषय आहे. आईला रोगाचे नाव सांगायचे की नाही? पुष्कळ घरांत दाराआड कुजबूज चालते, आणि आई सारे ओळखून असते. माझ्या थोरल्या वहिनींनी दुसऱ्याच आठवड्यात आम्हांला विचारले, 'तुम्ही सगळे इतके गोड का बोलता?' त्यानंतर त्यांनीच एक वही केली. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, गोळ्यांच्या वेळा, आणि मागच्या पानावर भाताच्या लावणीचा हिशेब. स्तनाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत शस्त्रक्रियेनंतर पाच ते दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. वहिनींचे हे तिसरे वर्ष आहे. त्यांची आशा मी कधी मोठ्या शब्दांत ऐकली नाही. पुढच्या चतुर्थीच्या माटोळीला काय काय बांधायचे, याच्या यादीत ती मला दिसते.

सोबत करणाऱ्यांचा विचार मात्र कोणी करीत नाही. एकच सून सहा महिने रुग्णालयाच्या बाकावर बसते आणि बाकीचे दूरध्वनीवरून चौकशी करतात. पाळी ठरवा. ज्याला सुट्टी मिळत नाही त्याने खर्च उचलावा, तेही जमत नसेल त्याने मुलांना शाळेत पोहोचवावे. उपचार संपल्यावरही लगेच पांगू नका. तपासणीची तारीख जवळ आली की घरातील झोप उडते, आणि तेव्हा भेटीला येणारे उरलेले नसतात.

आता डॉक्टरसाहेब आपल्या प्रश्नांना उत्तरे देतील. रेल्वेच्या दाखल्याचे नमुने बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत, ते जाताना न्यावेत.