सर्पभय आणि सर्पदंश



मृग नक्षत्र लागून पहिल्या सरींनी जमिनीतली बिळे भरू लागली आणि भाताच्या खाचरांत, उसाच्या फडांत, घरामागच्या परसात कामाची लगबग वाढली, की आपल्या खेड्यापाड्यांत एका पुरातन भयाचाही हंगाम सुरू होतो. हे भय सापाचे. ते सर्वस्वी निराधार आहे असे सांगण्याचा माझा हेतू नाही, कारण सर्पदंशाने जितकी माणसे आपल्या देशात मरतात तितकी जगाच्या पाठीवर अन्य कोणत्याही देशात मरत नाहीत. परंतु हे भय जेथे असावयास हवे तेथे ते नसते, जेथे त्याला कारण नाही तेथे मात्र ते उफाळून येते, आणि या विपर्यासातच अनेकांचे प्राण जातात, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

भरदुपारी गोठ्याच्या कुडाआडून एखादी लांबलचक धामण निघाली, म्हणजे काय घडते ते आपण सर्वजण जाणतो. हाकाटी होते, हातोहात काठ्या येतात, आणि ती धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, माणसावर डूख धरते, शेपटीचा तडाखा देऊन हातपाय लुळे करते, अशा पिढीजात समजुतींच्या साक्षीने तिचा निकाल लावला जातो. वस्तुतः धामण बिनविषारी आहे, आचळातून दूध ओढून घेता येईल अशी सापाच्या मुखाची रचनाच नाही, आणि शेतातल्या व कणगीतल्या उंदरांचा जो फडशा ती पाडते त्याबद्दल शेतकऱ्याने तिचे ऋणीच असावयास हवे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आढळतात. त्यांतल्या साठेक विषारी, आणि माणसाच्या मृत्यूस कारण होणाऱ्या दंशांपैकी बहुतेक दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचेच असतात. असे असता दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या आणि मांडूळ यांच्यावरही तीच काठी पडते. अनोळखी सापापासून दूर राहावे, जाणत्या सर्पमित्रास बोलवावे, हे योग्यच. पण त्याच्या अंगावर धावून जाणे म्हणजे नसलेला धोका स्वहस्ते ओढवून घेणे होय.

आता खरा धोका कोठे आहे तो पाहू. ज्या सापाला पाहून आपण भयभीत होतो तो बहुधा आपणांस चावत नाही. जो चावतो तो बहुधा आधी दिसलेलाच नसतो. मण्यार हा निशाचर साप. भक्ष्याच्या शोधात तो रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेल्या माणसाचा धक्का लागला की दंश करतो. त्या दंशाची वेदना इतकी अल्प आणि खूण इतकी सूक्ष्म असते, की कित्येकदा झोपलेला माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही. घरची माणसे अपचन समजून ओवा देतात, आणि तोवर श्वसनाचे स्नायू दुबळे होत चाललेले असतात. घोणस पाचोळ्यात निपचित पडून राहते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कार कानी आला तर माणूस सावध होतो, पण अनवाणी पाऊल तत्पूर्वीच तिच्यावर पडलेले असले तर मग रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडे निकामी होण्याची वेळ येते.

भारतातील मृत्यूंच्या कारणांचा शोध घेणाऱ्या एका विस्तृत पाहणीच्या आधारे 2020 साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. याच पाहणीचे पूर्वीचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रकाशित झाले होते. त्यांत असे आढळले, की हे मृत्यू जवळजवळ सर्व ग्रामीण भागातले होते आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर घडले होते. श्रोतेहो, या शेवटच्या गोष्टीकडे मी आपले लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. ज्या विषावर उतारा उपलब्ध आहे, त्या विषाने बहुसंख्य माणसे तो उतारा जेथे मिळतो तेथपर्यंत न पोचताच मेली.

ती का पोचली नाहीत? अंतर, दारिद्र्य आणि रस्त्यांची दुरवस्था ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या भयाच्या स्वरूपातच दडलेले आहे. प्रत्येक साप जीवघेणा आहे असे एकदा मानले, म्हणजे प्रत्येक दंशातून वाचलेला माणूस हा चमत्कार ठरतो आणि त्या चमत्काराचे श्रेय मांत्रिकाच्या पदरी पडते. वास्तविक चावलेला साप पुष्कळदा बिनविषारीच असतो. विषारी सापही कधीकधी विष न सोडताच दंश करतो. असे रुग्ण मंत्र घातला तरी वाचतात आणि न घातला तरी वाचतात. मात्र त्यांच्या दाखल्यावर मांत्रिकाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते, आणि ज्या दिवशी खरोखर मण्यार चावते त्या दिवशी त्याच विश्वासाने रुग्णाला त्या मांत्रिकाच्याच ओट्यावर नेऊन निजवले जाते. अवास्तव भय आणि खोटी निश्चिंती ही परस्परविरोधी वाटतात खरी, पण एकाच्या पोटीच दुसरी जन्म घेते.

भयाच्या बळावर कारभार केला तर काय होते याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या फुरशांवर इंग्रज सरकारने बक्षीस लावले. लोकांनी लाखांच्या संख्येने फुरशी मारून आणली आणि खजिन्यातून पैसा गेला. फुरसे मात्र कोकणातून नाहीसे झाले नाही. ते आजही तेथल्या कातळांवर, दगडांच्या आडोशाने नांदत आहे. याउलट 1899 साली प्लेगच्या संशोधनासाठी परळ येथे स्थापन झालेल्या आणि पुढे हाफकिन यांचे नाव लाभलेल्या संस्थेने, घोड्यांना विषाच्या अल्प व वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविष सिद्ध करण्याचे जे काम चालविले, त्याने किती घरांचे कर्ते पुरुष आणि किती लेकरांच्या माता वाचल्या याची गणती करणे कठीण आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे कार्यही याच जातीचे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर आघात होऊन लहान मुले दगावत असत. रुग्णांच्या उशाशी बसून या डॉक्टरांनी त्या विषाची क्रिया अभ्यासली, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले, आणि मृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या मानाने अगदी थोडे उरले. कोकणातले विंचू कोणी निपटून काढले नाहीत. मुले वाचली ती ज्ञानामुळे.

तेव्हा खरा बंदोबस्त कोणता, ते थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर निजावे. खाट नसेल तर मच्छरदाणी तरी लावावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. रात्री अंगणात जातानाही हातात विजेरी आणि पायांत वहाण असावी. शेतात शक्य तर गमबूट वापरावेत. सरपणाचे ढीग, विटांच्या राशी आणि सांडलेले धान्य घरापासून दूर ठेवावे, कारण धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. एवढे करूनही दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी आवळू नये. अंगठी, बांगड्या, जोडवी उतरवावीत, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू अथवा धावू देऊ नये, आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे. साप शोधण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही. आपल्याकडचे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषांवर एकत्रच सिद्ध केलेले असते आणि डॉक्टर लक्षणांवरून निदान करतात.

परंतु व्यक्तीने कितीही खबरदारी घेतली तरी जबाबदारी तिच्यापाशीच संपत नाही. अपरात्री रुग्ण दाराशी आला असता प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष शिल्लक आहे काय, ते टोचण्याचे आणि टोचल्यावर पुष्कळदा येणारी प्रतिक्रिया सांभाळण्याचे शिक्षण तेथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यास मिळाले आहे काय, श्वास थांबू लागलेल्या रुग्णास पुढे हलविण्याची तजवीज आहे काय, यांवर एका संसाराचे भवितव्य अवलंबून असते. केंद्र सरकारने 2024 साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प आहे. तो तडीस जाणे अथवा न जाणे हे बव्हंशी अशा लहानशा केंद्रांतल्या औषधांच्या कपाटांवर ठरेल.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे, की धामणीवर काठी उगारण्यात जो आवेश आपण खर्च करतो तो येत्या ग्रामसभेत हे प्रश्न विचारण्यात खर्च करावा. आपल्या केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते आणि रात्रपाळीला कोण असते, याची उत्तरे मागण्याचा प्रत्येक गावकऱ्यास अधिकार आहे, आणि पाऊस लागण्यापूर्वीच ती मिळवण्यात कोणी हयगय करू नये.