परक्या छपराखाली आपले दालन



कपडा बेतणाऱ्या हातांची आपल्या समाजात वाण नाही. वाण आहे ती हक्काच्या जागेची. म्हणून न्यूयॉर्कची एक हकीगत सांगतो. राल्फ लॉरेन ह्यांनी १९६७ साली रुंद नेकटाय विकावयास आरंभ केला. ब्लूमिंगडेल्स ह्या प्रचंड दुकानाने त्यांस कळविले की, टाय पाव इंच अरुंद करा आणि त्यावरील आपले नाव काढा. त्यांनी साफ नकार दिला. पुढे त्याच दुकानाने त्यांचा माल नावासह घेतला, आणि १९६९ साली आत स्वतंत्र दालनही दिले.

अशा दालनात जागा थोडी, भोवती गलबला फार. तेव्हा नावाची पाटी येण्याजाण्याच्या वाटेवरून वाचता यावी. आरशापुढील उजेड कापडाचा खरा रंग दाखवील असा असावा. कपडे घालून पाहण्याची खोली आखडून आणखी एक कपाट बसविण्याचा मोह होतो. मी आयुष्यभर खडू धरला, कात्री नव्हे. तरी तो मोह मला घातक वाटतो, कारण गिऱ्हाइकाचा निर्णय त्याच खोलीत होतो. विक्रीत दुकानाचा वाटा किती आणि न खपलेला माल कोणाचा, हे मात्र सुताराला बोलावण्यापूर्वी कागदावर यावे.